पोलो १.० टीएसआय, स्टेज १ झालंय – रेव्ह लिमिटर ७००० वर नेऊ का?

घाटरस्ता_पुणे

नमस्कार मंडळी, जरा नीट सल्ला हवाय. गाडी २०२१ ची पोलो १.० टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल, मूळची ११० पीएस (पॉवर) आणि १७५ एनएम (टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर). स्टेज १ रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून पॉवर वाढवणं) करून झालाय, एअर फिल्टर बदललाय, बाकी टर्बो, इंटरकूलर, एक्झॉस्ट सगळं कंपनीचंच. गाडी मस्त चालते, त्याबद्दल काही तक्रार नाही. आता परवा ट्यूनरकडे एका छोट्या अपडेटसाठी गेलो होतो तर तो म्हणाला की लिमिटर (इंजिनला त्याच्यावर फिरू न देणारी मर्यादा) साडेसहा हजार आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांच्या आसपास आहे तो ७००० करून देतो, पैसे नाही लागणार, सेकंड गिअर लांब जाईल आणि घाटात थर्ड टाकावा लागणार नाही. ऐकायला भारी वाटतंय पण मी लगेच हो म्हटलं नाही.

माझा वापर म्हणजे रोजचं ऑफिस हिंजवडी, रविवारी सकाळी पसरणी घाटातून महाबळेश्वर नाहीतर ताम्हिणी, आणि वर्षातून एखाद वेळेस धावपट्टीवर ड्रॅग असतो तिथे. नेटवर शोधलं तर कोणी म्हणतं टर्बो गाडीला रेव्हचं काही नसतं, बूस्टच (टर्बो हवा कोंबतो तो दाब) इंजिन मारतं, कोणी म्हणतं ५०० आरपीएम वाढवलं की कॉनरॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) बाहेर. दोघांपैकी खरं कोण? आणि ट्यून केलेल्या टर्बो गाडीला सेफ आरपीएम किती हे ठरवतात तरी कसं, म्हणजे काही हिशोब असतो का नुसता अंदाज? ज्यांनी इंजिनं खोललीत त्यांनी प्लीज सांगा.

---

कोल्हापूरचा_गॅरेजवाला

भावा थांबलास ते बरं केलंस. फुकट करून देतो म्हणाला म्हणून करायची गोष्ट नव्हे ही. पण भीती घालणाऱ्यांचंही पूर्ण खरं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाच.

बूस्ट आणि आरपीएम, दोन्ही इंजिनला मारतात पण मारायची जागा वेगळी. बूस्ट वाढवलास की स्फोटाचा दाब वाढतो, तो पिस्टनला खाली ढकलतो आणि कॉनरॉड दाबला जातो. तुझ्या इंजिनचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४.५ मिमी आहे, सिलिंडरात १०० बार दाब धरला तर पिस्टनच्या डोक्यावर साधारण ४.४ टन वजन पडतं. हे दाबणारं वजन. कॉनरॉड वाकतो तो याने, आणि तो वाकतो कुठे तर २००० ते ३५०० च्या मधे, जिथे टॉर्क सगळ्यात जास्त असतो. मी खोललेल्या रिमॅपवाल्या गाड्यांत वाकलेले रॉड बहुतेक याच प्रकारचे, पिस्टन टीडीसीला (सगळ्यात वरच्या टोकाला) एक-दीड मिलिमीटर खाली राहिलेला दिसतो आणि मालक सांगतो की गाडी नुसती हलत होती, स्पीड काहीच नव्हता.

आरपीएमचं उलटं आहे. तिथे कॉनरॉड ओढला जातो. पिस्टन वर जाताना त्याला थांबवून परत खाली खेचायचं काम रॉडचं, आणि एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी वरून ढकलायला काही दाब नसतो, म्हणजे सगळा ताण रॉडच्या मानेवर आणि खालच्या कॅपच्या दोन बोल्टांवर. आता आकडा बघ. तुझा स्ट्रोक (पिस्टनची वरून खालपर्यंतची धाव) ७६.४ मिमी. पिस्टन, पिन, रिंगा आणि रॉडचा वरचा भाग मिळून ४०० ग्रॅम धरले, रॉडची लांबी अंदाजाने धरली, तर ६५०० ला हा ओढा साधारण ९२५ किलोचा येतो आणि ७००० ला १०७० किलोचा. चारशे ग्रॅमचा ऐवज आणि ओढतोय टनभर, सेकंदाला पन्नासच्या वर वेळा.

५०० आरपीएम म्हणजे पावणेआठ टक्के वाढ, पण ताण वाढला १६ टक्के, कारण तो आरपीएमच्या वर्गाने वाढतो. ही गोष्ट डोक्यात फिट ठेव, बाकी सगळं यावरून निघतं. आणि बोल्ट एकदम तुटत नाही, तो प्रत्येक वेळी थोडा थोडा थकतो, म्हणून "माझ्या गाडीला काही झालं नाही" हे वाक्य आजच्या तारखेपुरतं खरं असतं.

पण लिमिटरचं उत्तर देण्याआधी मला तुझा डायनोचा (पॉवर मोजायच्या यंत्राचा) ग्राफ बघायचाय. रिमॅपनंतर काढलाय का? ५०००, ५५००, ६०००, ६५०० ला किती पीएस आहे तेवढं सांग.

---

पिवळा_अबार्थ

एवढं काय घाबरवताय. माझ्या मित्राची सेम पोलो आहे, ७२०० वर कट आहे, दोन वर्ष झाली बिनधास्त चालवतोय, रोज लिमिटरला मारतो. कंपनीवाले नेहमी मार्जिन ठेवूनच लिमिट लावतात, त्यांना वॉरंटी द्यायची असते ना. ७००० ला काही होत नाही, करून घे.

---

चाकण_टेस्टबेंच

अबार्थभाऊ, मार्जिन असतं हे बरोबर आहे पण ते कशासाठी ठेवलेलं असतं ते पण बघायला हवं. मी इंजिन टेस्टिंगमधे काम करतो (कुठे ते नका विचारू), आमच्याकडे बेंचवर इंजिन तासन् तास फुल थ्रॉटलला चालवतात, मधे मधे ठरवून लिमिटच्या वर नेतात. ते मार्जिन जुन्या तेलासाठी असतं, उन्हाळ्यात ४२ डिग्रीत ट्रॅफिकमधून बाहेर काढून लगेच दाबणाऱ्यासाठी असतं, आणि ज्या एका लॉटमधे बोल्टचा टॉर्क थोडा कमी बसला त्यासाठी असतं. तुम्ही आधीच बूस्ट वाढवून त्यातला एक हिस्सा खाल्लाय. आता दुसऱ्या बाजूनेही खायचाय का हा प्रश्न आहे.

घाटरस्ता, तुम्ही हिशोब विचारलात. आमच्या लाइनमधे पहिला चाळणीचा आकडा म्हणजे पिस्टनचा सरासरी वेग. स्ट्रोक मीटरमधे घ्या, दोनने गुणा, आरपीएमने गुणा, साठने भागा. तुमच्या गाडीचा ६५०० ला १६.५ मीटर प्रति सेकंद येतो, ७००० ला १७.८. आता बाकीच्यांचे बघा म्हणजे अंदाज येईल. निसान स्कायलाइनचं आरबी२६, ट्विन टर्बो, स्ट्रोक ७३.७ मिमी, रेडलाइन ८०००, तिथे १९.६ येतो. होंडा सिव्हिक टाइप आरचं दोन लिटर टर्बो, स्ट्रोक ८५.९, ७००० ला २०. होंडा एस२००० ला टर्बो नाही पण स्ट्रोक ८४ आणि रेडलाइन ९०००, तिथे २५.२. रस्त्यावरच्या गाडीत पंचवीसच्या वर गेलेलं इंजिन शोधावं लागतं.

म्हणजे नुसत्या या आकड्याने बघितलं तर तुमचं इंजिन ७००० ला निवांत आहे. इथेच लोक फसतात. ट्यूनर हा आकडा दाखवतो आणि म्हणतो बघा केवढी जागा शिल्लक आहे. पण होंडाने एस२००० चे रॉड, बोल्ट, व्हॉल्व्ह स्प्रिंग, तेलाचा पंप सगळं त्या ९००० साठी बनवलं होतं. तुमच्या इंजिनला ११० पीएस ५०००-५५०० ला द्यायचे होते, मायलेज द्यायचं होतं आणि किंमत आवाक्यात ठेवायची होती. त्याचे पार्ट त्या कामासाठी हलके आणि पुरेसे आहेत, पुढच्या कामासाठी नाहीत. त्यात तीन सिलिंडर, बॅलन्स शाफ्ट नाही, म्हणजे रेव्ह वाढली की इंजिन पुढे-मागे डुलायचा जो जोर असतो तोही त्याच वर्गाच्या हिशोबाने वाढतो, माउंट आणि पुली त्याची किंमत देतात.

दुसरं म्हणजे व्हॉल्व्ह. याबद्दल कोणी फारसं बोलत नाही पण टर्बो गाडीत हे फार महत्त्वाचं आहे. इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर बूस्टचा दाब सतत उघडायच्या दिशेने बसलेला असतो. २८ मिमीचा व्हॉल्व्ह धरला आणि १.४ बार बूस्ट, तर जवळपास पावणेनऊ किलोचा जोर स्प्रिंगच्या विरुद्ध. स्प्रिंग कंपनीच्या बूस्टसाठी आणि कंपनीच्या रेव्हसाठी निवडलेली असते. तुम्ही दोन्ही वाढवलं की व्हॉल्व्ह बसताना उसळी खातो, सीटवर नीट टेकत नाही, वरच्या रेव्हला गाडी फसफसते आणि लोकांना वाटतं प्लग गेला. एक्झॉस्ट साइडलाही तेच, छोटा टर्बो गुदमरला की मॅनिफोल्डमधला दाब एक्झॉस्ट व्हॉल्व्हला मागून ढकलतो. तेव्हा आरपीएमची सीमा बूस्टपासून वेगळी काढून सांगता येत नाही. स्टॉक बूस्टला जी स्प्रिंग ६८०० पर्यंत शहाण्यासारखी वागेल तीच वाढीव बूस्टला आधी हात टेकेल.

---

घाटरस्ता_पुणे

बापरे, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं, मनापासून आभार दोघांचे. ग्राफ शोधला, मोबाइलवर फोटो होता. वाचून लिहितोय. टॉर्क २३०० च्या आसपास २२५ एनएमला पोचतो आणि मग हळूहळू उतरतो. पॉवर अशी: ४००० ला १२४ पीएस, ४३०० ला १२९ च्या जवळ, ५२०० ला सगळ्यात जास्त १३६, ५८०० ला १२८, ६००० ला १२४, आणि ६५०० ला १०८. त्याच्यापुढे रेघच नाही.

एक शंका. ६५०० ला १०८ म्हणजे बऱ्यापैकी खाली आलंय, पण गाडीत बसल्यावर तर ती शेवटपर्यंत ओढतेय असं वाटतं. आणि ट्यूनर म्हणतो की ७००० करताना वरची पॉवर पण तो थोडी भरून देईल, बूस्ट वाढवून. तसं करता येतं का?

---

नाशिक_आरएस२३०

आता मी बोलतो कारण हे दुखणं मी दोन्ही बाजूंनी बघितलंय. माझी ऑक्टाव्हिया आरएस २३०, दोन लिटर टीएसआय, आधी कंपनीच्या आयएस२० टर्बोवर स्टेज १ होती आणि आता गोल्फ आरवाला मोठा आयएस३८ टर्बो बसवलाय.

शेवटपर्यंत ओढतेय असं वाटतं कारण आवाज वाढत असतो. तेवढंच. आकडा खोटं बोलत नाही. १३६ वरून १०८, म्हणजे २८ घोडे गेले, तुझी गाडी ६५०० ला कंपनीच्या ११० पेक्षाही खाली आहे.

हे का होतं बघ. बूस्ट म्हणजे दाब, पण इंजिनला लागते ती हवा, आणि इंजिन जितकं जोरात फिरतं तितकी जास्त हवा गिळतं. तेवढाच दाब टिकवायचा तर टर्बोने ७००० ला ५००० च्या चाळीस टक्के जास्त हवा द्यायला पाहिजे. तुझा टर्बो एवढासा आहे, तो दीड-दोन हजारला टॉर्क मिळावा म्हणून मुद्दाम छोटा ठेवलाय. हे छोटे टर्बो दोन लाख आरपीएमच्या वर फिरतात. त्याच्या पलीकडे तो हवा कमी आणि उष्णता जास्त देतो, आणि टर्बाइनच्या बाजूला एक्झॉस्ट तुंबतो. स्ट्रॉने जितक्या जोरात ओढशील तितकी ती चिपकते, तसं आहे हे. म्हणजे वरती बूस्ट वाढवून पॉवर भरून देतो हे ज्याने सांगितलं त्याला विचार की हवा कुठून आणणार.

त्यात तू घाटात जातोस. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे, तिथे हवा समुद्रसपाटीपेक्षा जवळपास १५ टक्के विरळ. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मॅनिफोल्डमधला दाब तेवढाच मागत राहतो. समजा २.२ बार मागितला, तर मुंबईत टर्बोला हवा २.२ पट दाबायची असते आणि महाबळेश्वरला २.५ पटीच्या वर. जो टर्बो पुण्यात काठावर आहे तो वर पोचेपर्यंत काठाच्या बाहेर असतो, आणि तू नेमकं तिथेच ७००० करणार.

माझ्या गाडीचं सांगतो म्हणजे फरक कळेल. आयएस२० वर माझीही पॉवर सहा हजारच्या आधीच उतरायला लागायची, तेव्हा लिमिटर जसाच्या तसा ठेवला होता. आयएस३८ आल्यावर पॉवर ६५०० ला पण टिकून आहे, म्हणून ६८०० पर्यंत नेला, आणि तो पण वेगळ्या स्प्रिंग टाकून. गिअरबॉक्सचा कॉम्प्युटरही ट्यून करावा लागला कारण डीएसजी (माझा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) स्वतःच्या हिशोबाने वर टाकून मोकळा होतो. माझा स्ट्रोक ९२.८, ६८०० ला पिस्टन २१ मीटर प्रति सेकंदाने धावतोय. एएमजीचं एम१३९ इंजिन आहे ना, दोन लिटरचं ४२१ पीएसवालं, त्याचा स्ट्रोक ९२ आणि ७२०० ला ते २२ च्या जरा वर जातं. पण त्यांनी आतला सगळा ऐवज फोर्ज्ड (ठोकून घडवलेला, जास्त मजबूत) घालून त्या कामासाठीच इंजिन बनवलंय. माझ्या कंपनीच्या रॉडवर मी तिथे जाणार नाही, ट्यूनरने कितीही आग्रह केला तरी.

---

चाकण_टेस्टबेंच

नाशिककरांनी बरोबर जागी बोट ठेवलं. यात एक भर घालतो, फॉर्म्युला वनची. २०१४ ते २०२५ जी १.६ लिटर व्ही६ टर्बो इंजिनं होती त्यांना नियमाने १५,००० आरपीएमची परवानगी होती. बोअर ८० मिमी ठरलेला, म्हणजे स्ट्रोक ५३ मिमी. पण कोणीही १५,००० ला जात नव्हतं, का? कारण १०,५०० च्या पुढे इंधनाची मर्यादा ताशी १०० किलोवर गोठवलेली होती. जास्त फिरवलं तरी जाळायला जास्त पेट्रोल नाही, उलट घर्षणात पॉवर जाणार. जगातले सगळ्यात महाग रॉड आणि स्प्रिंग हाताशी असूनही त्यांनी रेव्ह खाली ठेवली कारण वर काही मिळत नव्हतं.

तुमच्या गाडीत इंधनाच्या जागी हवा गोठली आहे, बाकी गोष्ट तीच. शिवाय इंधनाचंही आहे थोडं. डायरेक्ट इंजेक्शनमधे पेट्रोल थेट सिलिंडरात मारायचं असतं, बहुतेक इनटेक स्ट्रोकमधे. ६००० ला हा स्ट्रोक ५ मिलिसेकंदांत संपतो, ७००० ला ४.३. रिमॅपमुळे पेट्रोल जास्त लागतं आणि वेळ कमी मिळतो. तेव्हा लॉगमधे (गाडी चालवताना नोंदवलेल्या आकड्यांत) रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या पेट्रोलचा दाब बघायला सांगा, मागितलेलं आणि मिळालेलं. वरच्या रेव्हला दोन रेघा एकमेकींपासून लांब जायला लागल्या तर ती जागा तुमची खरी लिमिट आहे, मग पिस्टनचा वेग काहीही असो.

---

कोल्हापूरचा_गॅरेजवाला

ग्राफ दिलास, आता नेमकं बोलता येईल. आरपीएमची सीमा दोन असतात. एक म्हणजे इंजिन कुठे तुटेल, आणि दुसरी म्हणजे इंजिन कुठपर्यंत कामाचं आहे. पहिली तुला मला कोणालाच नेमकी माहीत नाही, ती इंजिन खोलून रॉड हातात आल्यावरच कळते. दुसरी तुझ्या मोबाइलमधल्या फोटोत आहे.

बघ कशी काढायची. समजा सेकंड आणि थर्डमधे दीडपटीचा फरक आहे (तुझ्या गाडीचा नेमका रेशो काढून घे, पण पद्धत हीच). तू ६५०० ला गिअर टाकलास तर इंजिन ४३०० ला येतं. टाकायच्या आधी १०८ पीएस होते, टाकल्यावर १२९. म्हणजे तू थर्ड टाकायला उशीर केलास आणि तेवढा वेळ २१ घोडे वापरलेच नाहीत. आता ६००० ला टाक. आधी १२४, नंतर ४००० ला १२४. बरोबरी. म्हणजे सेकंडमधून थर्ड टाकायची तुझी जागा ६०००, त्याच्या वर थांबणं म्हणजे स्वतःची गाडी स्वतः हळू करणं. थर्डमधून फोर्थला अंतर कमी असतं, तिथे ही जागा अजून खाली येईल, ५८०० च्या आसपास. ७००० ला ९० पीएस तरी उरतील का मला शंका आहे. धावपट्टीवर तू ७००० पर्यंत सेकंड ताणलास तर शेजारचा ६००० ला थर्ड टाकून तुझ्या पुढे असेल, गाडी सेम असली तरी.

त्यामुळे माझं स्पष्ट मत, या टर्बोवर लिमिटरला हात लावू नको. सोळा टक्के जास्त ताण घ्यायचा आणि बदल्यात पॉवर कमी मिळवायची, हा व्यवहार कोण करेल?

घाटात गिअर बदलायचा कंटाळा म्हणून लिमिटर वाढवायचा असं असेल तर उलटं कर, थर्डमधेच चढ. २५०० ला तुझ्याकडे दोनशेच्या वर एनएम आहे, पसरणीची वळणं त्यावर आरामात निघतात, आणि टर्बो पण गार राहतो.

अबार्थभाऊच्या मित्राला माझा निरोप द्या की रोज लिमिटरला मारायचं बंद करा. लिमिटर ही पोचायची जागा नव्हे. तिथे पेट्रोल किंवा स्पार्क तोडला जातो, इंजिनला झटके बसतात, बेल्ट-चेन-टेन्शनर सगळ्यांना बसतात. आणि फटाके फुटावेत म्हणून स्पार्क तोडून पेट्रोल चालू ठेवणारा मॅप असेल तर ते पेट्रोल टर्बाइनच्या तोंडाशी जळतं, टर्बो आणि कॅट (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा भाग) दोन्हीचं आयुष्य कमी.

आणि एक गोष्ट ज्यात लिमिटर काहीच कामाचा नाही. मॅन्युअल गाडी आहे तुझी. थर्डमधे ६००० ला असताना फोर्थ टाकायला गेलास आणि गडबडीत सेकंड पडला, तर चाकं इंजिनला ९००० ला फिरवतात, ईसीयू काही करू शकत नाही. ६५०० च्या मानाने जवळपास दुप्पट ताण, थ्रॉटल बंद म्हणजे वर दाबही नाही, रॉडचा बोल्ट पूर्ण ओढात. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकतात. माझ्याकडे आली होती अशी एक, एका पोराची, दुसरी कंपनी दुसरं मॉडेल, तीन व्हॉल्व्ह वाकलेले आणि पिस्टनच्या डोक्यावर अर्ध्या चंद्रासारखे छाप. इंजिन चालू होतं म्हणून त्याने तशीच घरी नेली होती. गिअर माउंट आणि शिफ्टरचे बुश चांगले ठेव, लिमिटरपेक्षा त्यावर खर्च कर.

---

पिवळा_अबार्थ

गिअरबदलाचा हिशोब पटला, हे मी असं कधी मांडून बघितलं नव्हतं. मित्राला ग्राफ काढायला सांगतो. पण मग अबार्थच्या १.४ टी-जेटला पण हेच लागू का?

---

नाशिक_आरएस२३०

पद्धत सगळ्यांना एकच, आकडे ज्याचे त्याचे. तुझ्या टी-जेटचा स्ट्रोक ८४ मिमी आहे, म्हणजे त्याच आरपीएमला तुझा पिस्टन पोलोपेक्षा दहा टक्के जोरात धावतो. ग्राफ काढ, पॉवर कुठे उतरते बघ, गिअर रेशो मांड. कंपनीच्या टर्बोवरच्या बहुतेक गाड्यांत कामाची सीमा कंपनीच्या लिमिटरच्या आतच निघते. डिझेलवाल्यांना तर हा प्रश्नच नको, तिथे साडेचार हजारच्या पुढे काही उरत नाही.

---

घाटरस्ता_पुणे

ठरलं, लिमिटर तसाच ठेवतो. मी पण काल बसून रेशो मांडले, ६००० च्या आसपासच येतंय. ट्यूनरला ग्राफ दाखवला तेव्हा तोही म्हणाला की या टर्बोवर फायदा नाही. आता शेवटचा प्रश्न. गॅरेजवाले दादा, तुम्ही म्हणालात की रॉड खालच्या रेव्हला वाकतो. मग माझा २३०० ला २२५ एनएम आहे तो धोक्याचा आहे का? मी वरच्या बाजूची काळजी करत बसलोय आणि खरं दुखणं खालीच असायचं.

---

कोल्हापूरचा_गॅरेजवाला

आता बरोबर प्रश्न विचारलास. हो, तुझ्या गाडीत काळजी करायची जागा तीच. १७५ चे २२५ म्हणजे जवळपास ३० टक्के जास्त, आणि ते मिळतात तेव्हा पिस्टन हळू चाललेला असतो, म्हणून दाब जास्त वेळ बसतो. वरच्या रेव्हला स्फोटाचा दाब आणि पिस्टनचा ओढा एकमेकांविरुद्ध जातात, रॉडला थोडी सूट मिळते. खाली ती सूट नाही. त्यात छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बोला एक वाईट सवय, सहाव्या गिअरमधे १५०० ला चढावर पूर्ण ॲक्सिलेटर दाबला की स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटू शकतं. एकच असा ठोका पिस्टनची रिंगेची कडा उडवायला पुरतो, आणि हा ठोका नॉक सेन्सरला (असे ठोके ओळखणाऱ्या सेन्सरला) कळेपर्यंत होऊन गेलेला असतो.

म्हणून ट्यूनरला सांग की २००० च्या खाली टॉर्क कंपनीइतकाच ठेव, आणि २२५ ला एकदम न नेता २८०० पर्यंत हळू चढव, शिखर दहा-पंधरा एनएमने कमी झालं तरी चालेल. १३६ पीएस आहेत तितकेच राहतील, गाडी एका फटक्यात उसळणार नाही पण घाटात जास्त सरळ चालेल. तू स्वतः इतकंच पाळ की २००० च्या खाली पूर्ण दाबायचं नाही, एक गिअर खाली घ्यायचा. तेल कंपनीच्या ग्रेडचं आणि बदलायचं अंतर निम्मं. सकाळी निघाल्यावर पाण्याचा काटा मधे आला म्हणजे तेल तापलं असं नाही, तेलाला त्याच्या दुप्पट वेळ लागतो, तोवर ३००० च्या वर नको. पेट्रोल ज्या ऑक्टेनवर मॅप केलाय तेच. घाटात पंपावर साधं भरावं लागलं तर त्या टाकीपुरता पाय हलका.

रिमॅपमुळे वॉरंटी आणि इन्शुरन्सचं काय होतं ते एकदा तुझ्या पॉलिसीच्या कागदात वाचून घे, क्लेमच्या वेळी तो विषय निघतोच.

नवा मॅप टाकलास की थर्ड गिअरमधे २००० पासून ६००० पर्यंत एक लॉग काढ, बूस्ट मागितलेलं आणि मिळालेलं, तिन्ही सिलिंडरचा नॉक रिटार्ड (ठोका कळल्यावर ईसीयू स्पार्क किती उशिरा देतो ते), रेल प्रेशर आणि इनटेकचं तापमान. लगोलग दोन-तीन वेळा काढ, याचा इंटरकूलर पाण्यावर चालतो आणि ते पाणी तापलं की तिसऱ्या वेळचा लॉग पहिल्यासारखा येत नाही. इथे टाक, मी आणि चाकणवाले बघून सांगतो.

---

चाकण_टेस्टबेंच

लॉग टाकाल तेव्हा बाहेरचं तापमान आणि जागा पण लिहा, पुण्यातला आहे का वरचा ते कळायला हवं. आणि एकाच सिलिंडरचा रिटार्ड बाकी दोघांपेक्षा सतत जास्त दिसला तर मॅप बदलायच्या आधी त्या सिलिंडरचा प्लग काढून बघा.